साहेब जेठ की देवर?

१३ सप्टेंबर, मंगळवार

आज मिटिंगमध्ये उपकेंद्राच्या सी.एच.ओ. मॅडमनं बातमी दिली. व्हिडिओवरची तपासणी बी आता सरकारी इलाजाच्या कार्डात धरतात. उपकेंद्रात मोबाईलसमोर बसायचं, नागपूरचे डॉक्टर साहेब तिकडून पाहतील, नोंद इथूनच. मी एवढ्या जोरात "सुटली बाप्पा!" म्हणलं की बाकीच्या आशाताई माह्याकडे पाहून हसाले लागल्या. हसा. तुमची सासू एस.टी.त तीन पिशव्या भरून ओकली असती म्हणजे समजलं असतं.

जुलैची ती खेप मी जन्मात विसरणार नाही. जूनमध्ये सासूच्या, माह्या याडीच्या, काळजाची झडप बदलली, नागपूरले, कार्डावरच. महिन्यानं तपासाले नेलं. दिग्रसहून गाडी निघाली अन् दारव्हा येईपर्यंत माय नुसती ओकून राह्यली. यवतमाळच्या स्टँडवर फरशीवर आडवी झाली. घरी आल्यावर जाहीर केलं, "आता मले नागपूरले न्याचं असन तर चौघं बोलवा."

मॅडमनं कागद वाचून दाखवला. ऑपरेशननंतरच्या तीन तपासण्या कार्डावर चढल्या पाहिजे. एक झाली. दुसरी ३१ ऑक्टोबरच्या आत. नाही चढली तर फाईल बंद. मग रक्ताची तपासणी, गोळ्या, साहेबांचा सल्ला, सगळं आपलं आपण. अन् गोळी साधी नाही, रक्त पातळ करायची आहे. कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्त वाहते. साहेबांची नजर पाहिजेच.

याडीले सांगतलं. म्हणली, "मोबाईलमधून काळीज दिसते का त्याले?"

"दिसते. तुमचं काळीज किती खोडीचं आहे तेबी दिसते."

खूष झाली. सासूले आमच्या तांड्यात कोणी याडी म्हणत नाही. याडी म्हणजे आई. मीच लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणाले लागली, तेच राह्यलं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

काय लिहू. डोकं फिरलं आहे.

सकाळी न्हाऊन-धुऊन तयार. पेटीतली आरशाची कांचळी चोळी काढली, नवा घेरदार फेटिया घातला. मी म्हणलं, लग्नाले चालल्या का? म्हणली, साहेब मोठा माणूस आहे, त्यानं मले वळखलं पाहिजे. दोन किलोमीटर माह्या गाडीवर मागे बसून आली, फेटिया सावरत.

साहेब आले मोबाईलवर. डोक्यावरचे सगळे केस पांढरे. मराठीत बोलले, श्वास लागते का, पायाले सूज आहे का. याडी उघड्या तोंडानं, पाटलीणबाईसारखी बसून उत्तरं देऊन राह्यली. मॅडम खूष, मी खूष. शेवटी कार्डाचा फोटो तेवढा काढाचा होता. तो साहेब लाइनीवर असतानाच निघते, तसं ॲपच आहे.

तेवढ्यात साहेबांची नजर त्या कांचळीवर गेली. चेहरा कसा खुलला त्यांचा! म्हणले, "याडी, कांयी हाल छ?"

आमच्या बोलीत! मले तर भरून आलं. एवढा मोठा डॉक्टर, आपल्यातला.

याडी जराशी पुढे झुकली. "गोत कोणतं रे तुहं?"

"राठोड. पुसदकडचा तांडा आमचा."

झालं. सर्रकन घुंगटो खाली. कपाळ, डोळे, नाक, तोंड, सगळं आत. हनुवटीसुद्धा दिसेना.

ॲपमधली बाई बोलून राह्यली, "कृपया चेहरा चौकटीत आणा. कृपया चेहरा चौकटीत आणा." घुंगट्याच्या आतून याडी म्हणे, "तू अन् तुही चौकट."

१७ सप्टेंबर

मेसेज आला. लाभार्थीचा चेहरा जुळत नाही, सल्ला अमान्य. जुळन कसा? कार्डावर बाई आहे, फोटोत ओढणी.

दिवसभर भांडण. म्हणजे मी भांडली, ती कापसाच्या वाती वळत बसली. तिचं म्हणणं सरळ आहे. तिचा नवरा राठोड, साहेब राठोड. राठोड-राठोड भाऊ. नवऱ्याहून मोठा तो जेठ, त्याच्यासमोर तोंड दाखवाचं नाही. लहान तो देवर, त्याचे कान पिळा, थट्टा करा, घुंगट्याचं काम नाही. आता ज्याचं डोकं कापसासारखं पांढरं, तो जेठ नाही तर कोण?

"अन् मराठीत बोलत होता तेव्हा?"

"तेव्हा परका होता. परक्याची कायची लाज?"

बोला आता. बिचाऱ्यानं माया दाखवली अन् तिथंच फसला. पवार म्हणला असता तर हिच्या माहेरचा भाऊ झाला असता, गालावरून हात फिरवला असता हिनं मोबाईलच्या.

"मी बी राठोडाचीच सून. मी बसलीच ना उघड्या तोंडानं?"

"तुह्या जमान्याचं तू पाह्य."

विलासले म्हणलं, तुमची आई, तुम्ही समजवा. तो जिनिंगवर जायची सायकल काढता काढता म्हणते, "तुम्ही सासू-सुना पाहून घ्या. मधात पडलो तर मलेच दोन्हीकडून." नवरा माहा. एरवी गावभर न्याय करत फिरते.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरी खेप. या वेळी अक्कल लढवली. मॅडमनं लसीकरणाच्या कार्डाचा तुकडा चिकटपट्टीनं मोबाईलवर लावला, साहेबांच्या चौकटीवर बरोबर. साहेबांना आधीच सांगतलं होतं, गप्प बसा, एक शब्द बोलू नका. ते बी बिचारे गप्प.

याडी बसली. समोर नुसता कागद. बोटभर घुंगटो वर केला. मॅडमचं बोट बटणावर. मी श्वास धरून.

तेवढ्यात मले इचारते, "मले तो दिसत नाही. मी त्याले दिसून राह्यली का?"

अन् मी, गाढवासारखी, "हो."

घुंगटो खाली. "मग काय उपयोग? मांजर डोळे मिटून दूध पिते तसं मी करू का?"

मॅडमनं माह्याकडे असं पाहिलं! हो म्हणाची काय गरज होती? पण खोटं बोलाले जीभ वळली नाही तिच्यासमोर. बारा वर्षांत नाही बोलली. एकदा बोलली होती, भाजी करपली तेव्हा, तर तिनं ती भाजी हसत खाल्ली अन् मलेच लाज वाटली.

२७ सप्टेंबर

योजनेच्या नंबरवर फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक पोरगी. "मॅडम, लाभार्थी चेहरा का झाकतात?"

"डॉक्टर तिचे जेठ लागतात."

"म्हणजे नातेवाईक आहेत? नातेवाईक डॉक्टर असतील तर वेगळा फॉर्म…"

"नाही वो, नातेवाईक नाहीत. जेठ आहेत."

तिकडून बटणं दाबल्याचा आवाज. मग म्हणली, तुमची तक्रार नोंदवली आहे. काय नोंदवली असन देव जाणे.

३० सप्टेंबर

दुसरा डॉक्टर मिळते का विचारलं. मॅडमनं पत्र केलं, उत्तर आलं. झडपेच्या पेशंटले हेच साहेब. नागपूरले नेलं तरी तेच. जुलैत तिथं दोघांच्याबी तोंडाले मास्क होता, नाव-गोत कोणी काढलं नव्हतं, म्हणून चाललं.

साहेबांनी स्वतःहून फोन केला मले. आधी हसले, मग म्हणले, "माझी आजीबी अशीच होती. याडीला सांगा, मी जेठ नाही, मुलगा आहे. मला मुलगा समजा."

निरोप दिला. याडीचे डोळे भरून आले. "लय गुणाचा आहे," म्हणली. "पण बोलल्यानं गोत बदलते का?"

असा राग आला, अन् असंबी वाटलं की तिच्या पाया पडावं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटते, माहीत नाही.

८ ऑक्टोबर

सीतादही केली आज वावरात. पहिल्या वेचणीआधी झाडाले दही-भात दाखवतात तेच. याडी दरवर्षी करते, यंदा मी म्हणलं, नका येऊ. ऐकते कुठली. बांधावर बसून मलेच हुकूम, इकडे शिंपड, तिकडे ठेव. बोंडं फोडून पाहिली, निम्म्यात अळी. विलास नुसता बोंडं फोडत राह्यला. मागच्या सालीबी हेच. याडी म्हणली, "दही खाल्लं ना झाडानं? मग झालं. अळी बी लेकरूच आहे कोणाचं तरी." विलास हसला. मले वाटते तेवढ्यासाठीच बोलली ती.

दुपारी मी गृहभेटीले गेली. आल्यावर पाहते तर हिच्या ओटीत कापूस. वेचला म्हणे, दोन तास. कंबर धरून बसली होती. बोलणार होती मी, पण तोंड असं लहान लेकरासारखं केलं की हळदीचं दूधच देऊन टाकलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार



सकाळी तिची ओढणी धुवाले घेतली. जो काठ तोंडावर येते तिथं डाग. तपकिरी, वाळलेले, दहा-बारा. मी इचारलं, हे काय? "पान खाल्लं."

जन्मात पान खाल्लं नाही हिनं.

"तोंड उघडा."

"तुले काय काम?"

"याडी, तोंड उघडा!" ओरडली मी. तिच्यावर पहिल्यांदाच ओरडली. उघडलं तिनं. हिरड्या लाल, कडेनं रक्त. चार-पाच दिवसांपासून येऊन राह्यलं म्हणे. सांगतलं काहून नाही? "तू आधीच साहेबापायी हैराण झाली होती."

अजून खोदलं तेव्हा बाहेर आलं. कंबर दुखत होती म्हणून किराणा दुकानातून लाल गोळी आणली, अंगदुखीची. दोन-दोन खाल्ल्या दिवसाले, त्या पातळ रक्तावर. मी तांडाभर सांगत फिरते, दुकानातल्या गोळ्या खाऊ नका, अन् माह्याच घरात, माह्याच चुलीपाशी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मॅडमले फोन, मॅडमचा साहेबांना. पातळ करायची गोळी दोन दिवस बंद, लाल गोळी तर फेकूनच द्या, ताबडतोब दिग्रसले रक्त तपासा. तिघं बसाले माही गाडी पुरत नाही, विलासनं जिनिंगच्या मालकाची मोटारसायकल मागून आणली. रक्त पाहिजे त्याहून किती तरी पातळ निघालं. एक दिवस ठेवून घेतलं तिथं. मी पलंगापाशी बसली तर माहा हात धरून म्हणते, "रडू नको. ओरडली ते बरं केलं. लेक झाली तू आज."

आता रडू नको तर काय करू.

१५ ऑक्टोबर

घरी आणलं. रक्त थांबलं. साहेबांचा फोन. हसणं नव्हतं आज. म्हणले, "ताई, हे पुढं पुन्हा होऊ शकतं. हिरड्या, डोळ्यांच्या पापण्या, ओठांचा रंग, हे मला दर वेळी दिसायलाच पाहिजे. कार्डाचं सोडा, मला तोंड पाहायचं आहे तिचं." मग म्हणले, "मीच गोत सांगायला नको होतं."

मी म्हणलं, साहेब, तुमची काय चूक? तुम्ही मायेनंच बोलले.

फोन ठेवल्यावर सुचलं. पुन्हा फोन लावला. "साहेब, तुमचं वय किती?"

एक्कावन्न! केस म्हणे कॉलेजातच पांढरे व्हायला लागले, घराण्यातच आहे.

माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

१७ ऑक्टोबर, सोमवार

उजेड कायचा, अंधार.

आज सकाळी अंगणात, ती माहे केस विंचरत होती तेव्हा विषय काढला. सासरे जिवंत असते तर आज चौसष्टचे. साहेब एक्कावन्न. म्हणजे साहेब लहान. म्हणजे देवर! उघडा तोंड, पिळा कान.

फणी थांबली.

"ते कुठं चौसष्टचे? ते चाळीसचे."

"होते. तेव्हा."

"तेव्हा गेले ना? मग गेलेला माणूस वाढते का, बेटी? ते चाळीस, साहेब एक्कावन्न. जेठच झाला."

 सासऱ्यांना मी पाहिलं नाही. विलास चौदाचा होता. कापसाची बैलबंडी घेऊन दिग्रसले गेलते, खरेदी केंद्राच्या रांगेत चार दिवस, रात्रंदिवस बंडीखाली. कापूस विकला गेला, पण ताप घेऊन आले. आठवड्यात संपलं. एकच फोटो आहे, जत्रेतला, काळ्याभोर मिशा. माह्या नवऱ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे दिसतात त्यात. अन् याडी आता साठीची. त्या फोटोतला माणूस तिचा लेक वाटावा. तरी ती त्याचीच बायको, त्याच हिशोबानं घुंगटो घेते.

दरवर्षी दिवाळीले धबुकार करतो, पूर्वजांना निखाऱ्यावर घास देतो, तेव्हा ती त्यांच्या नावानं एक अख्खी सुपारी ठेवते. दातानं फोडायचे म्हणे. "लोखंडाचे दात होते," हे सांगताना अजूनबी लाजते.

मी बह्याडासारखी हिशोब घालत बसली, एक्कावन्न न् चौसष्ट. तिच्या माणसाचं वय ते, माह्या रजिस्टरचा आकडा नाही. उरलेली वेणी घातली तिनं. 

२० ऑक्टोबर

मॅडम म्हणे, साहेब शुक्रवारीच लाइनीवर असतात, शेवटचा शुक्रवार २८ तारखेचा. त्यानंतर मुदत नाही. मी ठरवलं, आता तिले एक शब्द म्हणणार नाही. फाईल बंद झाली तर झाली, महिन्याले रक्त तपासू, मी मोजून गोळ्या देईन. पण साहेबांची नजर कुठून आणू? मले तर तोंड उघडल्यावरबी समजलं नसतं, डाग दिसले म्हणून समजलं.

विलास रात्री… नाही, ते नाही लिहीत. आईपायी रडला एवढंच.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन घरोघर फिरून गेल्या. आज सकाळी धबुकार.

विलासनं चुलीपुढे निखारे काढले. मी लापशी केली, तूप वितळवलं. याडी पाट घेऊन बसली. मी दरवर्षीसारखी पेटीतून अख्खी सुपारी काढून तिच्या हातात दिली.

तिनं ती हातात फिरवली. मग माह्याकडे परत केली.

"कुटून आण."

मले समजलंच नाही. "काय?"

"खलबत्त्यात कूट. बारीक कूट." अन् निखाऱ्याकडे पाहत, अगदी रोजचं बोलावं तसं, "चौसष्टचे झाले ना आता. दात राह्यले असतील का त्यांचे?"

विलास उठून बाहेर गेला. मी खलबत्ता घेतला. सुपारी कुटताना काही दिसत नव्हतं मले, बोटावरच बसला एक घाव. बारीक कुटली, भुकटी. लापशीबी म्हणली, पातळ कर, तूप जास्त घाल, चावाले नाही होत. मग एक एक घास निखाऱ्यावर सोडला, वर सुपारी. जाळ झाला. हात जोडून ती त्यांच्याशी बोलली, आमच्या बोलीत, हळू. मी लिहिणार नाही ते, तिचं आहे. शेवटचं एवढं ऐकू आलं, "लय वर्षं तुमाले जवान ठेवलं. मी एकलीच म्हातारी झाली. आता तुम्ही बी व्हा."

उठताना माह्या खांद्यावर हात ठेवला. "त्या पांढऱ्या डोक्याच्याले सांग, शुक्रवारी येते म्हणा त्याची भाबी."

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

नेटवर्क जाऊन येऊन. मॅडमनं मोबाईल खिडकीच्या गजाले बांधला, तिथं दोन दांड्या मिळतात. याडी खुर्चीवर, तीच आरशाची कांचळी. घुंगटो होता. 

साहेब आले. घाबरत घाबरत म्हणले, "नमस्कार." मराठीत!

याडीनं दोन्ही हातांनी घुंगटो उचलला अन् मागे टाकला. डोक्यावरचा पदर तेवढा राह्यला. चोवीस वर्षांत राठोडाच्या घरच्या एवढ्या वयाच्या माणसासमोर पहिल्यांदा. ऊन पडलं तोंडावर, डोळे बारीक केले तिनं.

"काहून रे, आपली बोली विसरला का? भाबीले हाल इचारत नाही?"

साहेबांचा चेहरा स्क्रीनवर तसाच राह्यला, उघड्या तोंडानं. मले वाटलं नेटवर्क गेलं.

"अन् एवढासा देवर तू, केस काहून पांढरे केले? तुह्या केसापायी माहा दीड महिना गेला. काळे कर."

मॅडम तोंडावर रुमाल धरून हसून राह्यली. साहेब हसले, चष्मा काढून डोळे पुसले, मग कामाला लागले. तोंड उघडा, जीभ, हिरड्या, खालची पापणी ओढा, मान जराशी वळवा. नीट पाहिलं. दहा मिनिटं तरी पाहिलं. हिरड्या चांगल्या म्हणले. पापणी फिकी आहे, रक्त कमी, लोहाची गोळी सांगतली. पातळ करायची गोळी अर्धी केली. दुकानातल्या गोळ्यांसाठी असे झापले की याडीनं खरंच कान धरले.

"देवर असून ओरडते," माह्याकडे पाहून म्हणली, पण तोंड खुललेलं.

ॲपमधली बाई म्हणली, चेहरा चौकटीत आणा. याडीनं आणला. डोळे मिचकावा. मिचकावले. फोटो निघाला. गोल गोल फिरत राह्यलं चाक, अन् लाइन गेली. परत आली तेव्हा स्क्रीनवर: 'पडताळणी सुरू आहे'.

कार्डावरचा फोटो जुना, ऑपरेशनच्या आधीचा, सुजलेला. आता गाल बसले आहेत. मॅडम म्हणे, तारीख आजचीच धरतात, अन् फोटोबी जुळन. म्हणे, नाही जुळला तर आठ दिवसांत नागपूरले स्वतः हजर राहून पडताळून घेता येते, त्यानंतर नाही. मी याडीले हे नागपूरचं नाही सांगतलं. आजचा दिवस तरी राहू द्या.

३१ ऑक्टोबर

'पडताळणी सुरू आहे.'

अर्धी गोळी, दोन वेळा मी तोंड उघडून पाहते. आता स्वतःच 'आ' करते, मी समोरून गेली तरी. खोडी जाणार नाही.

वेचणी चालू आहे. निघते तेवढा निघते.

१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून तीनदा मोबाईल पाहिला. तेच. मॅडमलेबी काही समजत नाही, फोन लावून राह्यली.

याडी एकदाबी विचारत नाही. दुपारी भाकरी टाकताना तिनंच काढलं, "नाही जुळलं तर नागपूर ना?"

मी तवा खाली ठेवला. "कोणी सांगतलं तुमाले?"

"मॅडम अन् तू बोलून राह्यल्या होत्या. डोळे झाकत होती मी, कान नाही."

 म्हणलं, पाहू, अजून मेसेज आला नाही, कदाचित जुळलंबी असन.

ती उठली, पेटीतून दोन स्टीलचे डबे काढले. एकात दिवाळीचे उरलेले लाडू. दुसऱ्यात कुटलेली सुपारी, धबुकारच्या दिवसाची, थोडीशी ठेवलेली. त्यावर फडकं बांधत म्हणली, "जुळलं तर तू नेऊन दे कधीतरी. नाही जुळलं तर मीच नेते. चार पिशव्या घेजो बरोबर, एकदोन ओकाऱ्यांनी मरत नाही मी. देवराच्या घरी भाबी पहिल्यांदा जाते, रिकाम्या हातानं जाते का?"

डबे दाराजवळच्या खुंटीले पिशवीत लटकवले आहेत. जाता-येता डोक्याले लागतात.